‘ताई, माझा चान्स किती टक्के?’

पत्र थोडक्यात: कराड तालुक्यातली ही मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी, दहावीला ९६ टक्के, अकरावीला ८१. बारावीनंतर थेट आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या आयपीएम (पदवी आणि एमबीए एकत्र) अभ्यासक्रमाला जायचं तिच्या मनात आहे. त्यासाठी ऑनलाइन क्लास लावलाय. आतापर्यंतच्या पाच मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षांमध्ये, ३६० पैकी ११८, १३१, १०४, १४२ आणि १२६ गुण पडले. सोबत एक यादी जोडली आहे: खो-खो जिल्हा पातळीपर्यंत, एनसीसीचं ‘ए’ सर्टिफिकेट, वक्तृत्वाची बक्षिसं, एका संस्थेत महिनाभर ऑनलाइन इंटर्नशिप, दोन ऑनलाइन कोर्स. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवड झालीच तर बाबा गावालगतचा प्लॉट विकायला तयार आहेत. मामेभाऊ म्हणतो, ‘हे इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम, तू गुपचूप सीए कर.’ ती विचारते, ‘ताई, खरं सांगा, माझा चान्स किती टक्के? सत्तरच्या वर असेल तर जीव तोडून करते. नसेल तर आत्ताच सगळं सोडून सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला बसते. आणि प्रोफाइल मजबूत करायला अजून काय जोडू?’

उत्तर:

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं. काहीही नको.

इंदूरची निवड दोन टप्प्यांत होते. आधी लेखी परीक्षा, म्हणजे आयपीमॅट. तिच्यात वरच्या गुणांवर असलेल्यांना मुलाखतीचा कॉल येतो. अंतिम यादी या दोन्हींचे गुण एकत्र करून लागते, आणि गेली काही वर्षं त्यात लेखीचं वजन मुलाखतीपेक्षा बरंच जास्त आहे. खो-खो, एनसीसी, इंटर्नशिप यांना या हिशेबात वेगळा रकानाच नाही. प्रोफाइलचं हे खूळ आपल्याकडे आलं ते अमेरिकेला अर्ज करणाऱ्या मुलांकडून. तिथली कॉलेजं निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग सगळं एकत्र वाचून ठरवतात, त्यामुळे तिथल्या मुलांनी आपली यादी चार लोकांपुढे ठेवून ‘माझं काय होईल?’ असं विचारणं समजण्यासारखं आहे. तू तीच यादी इंदूरच्या दाराशी घेऊन उभी आहेस. तिथे ती कोणी मागितलेली नाही. पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाइन सर्टिफिकेटांवर यापुढे एक रुपया किंवा एक रविवारही घालवू नकोस.

आता टक्क्यांचं.

तू एकदम सत्तर मागतेस. आयपीएमच्या जागा दीडशेच्या आसपास. त्यातून केंद्राच्या नियमानं अनुसूचित जाती १५, जमाती साडेसात, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० टक्के वजा केले की खुल्या प्रवर्गाच्या वाट्याला साधारण साठ उरतात. अर्ज करणारे देशभरातून हजारोंनी. बारावीच्या दिवाळीनंतर ‘माझा चान्स सत्तर टक्के’ असं प्रामाणिकपणे म्हणू शकेल असं पोर या हजारोंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच निघेल. तुझी अट सगळ्यांनी पाळायची ठरवली तर परीक्षेला केंद्रंच लागणार नाहीत.

शिवाय असा आकडा तुला सांगणार कोण? मी सांगितला तर तो मनानं ठोकलेला असेल. क्लासवाल्यांनी सांगितला तर त्यात पुढच्या हप्त्याचा वास असेल. मामेभावानं सांगितलाच आहे. आकडा तुझ्याकडेच आहे, तू तो अजून नीट बघितलेला नाहीस. तो कसा बघायचा ते सांगते. मला अशी पत्रं बरीच येतात, त्या सगळ्यांनाच हे लागू पडेल.

पाच मॉक दिलेस. त्यातला १४२ तुझ्या डोक्यात बसला असणार, आपण सगळेच तसे असतो. तो विसर. पाचही आकडे चढत्या क्रमानं लाव: १०४, ११८, १२६, १३१, १४२. मधला १२६. आज परीक्षा झाली तर तुला साधारण एवढे पडतील असं धरून चाल. आता इंदूरच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफ काढून त्यांच्यापाशी हा आकडा ठेव. स्वतःच्या प्रवर्गाच्याच बघ. दुसऱ्या कुणाच्या यूट्यूब व्हिडिओतला ‘सेफ स्कोअर’ घेऊ नकोस. फार जुन्या वर्षांशीही तुलना करू नकोस. पूर्वी पेपर शंभर प्रश्नांचा असे, नंतर नव्वदचा झाला, त्यामुळे तेव्हाचे गुण आणि आताचे गुण एका मापाचे नाहीत. तुला स्पष्ट हवं आहे म्हणून सांगते: खुल्या प्रवर्गात १२६ वर कॉल येईल असं मला वाटत नाही. पण हा आजचा आकडा आहे. परीक्षा मे महिन्यात असते.

आणि नुसती बेरीज बघून भागत नाही. इथेच बहुतेक मुलं फसतात. पेपरचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाची कटऑफ वेगळी. एका भागात घसरलीस तर बाकीच्या दोन भागांत आकाशाला हात लावलेस तरी कॉल नाही. तू मला एकूण गुण पाठवलेस, भागवार पाठवलेच नाहीस. तू ते स्वतःही मांडले नसावेस, असा माझा अंदाज आहे.

म्हणून एक वही घे. प्रत्येक मॉकनंतर तीन भागांचे तीन वेगळे आकडे लिही, त्यांच्यासमोर किती सोडवले, किती बरोबर, किती चूक. पहिला भाग गणिताचा, लघुउत्तरी: १५ प्रश्न, पर्याय नाहीत, आलेलं उत्तर टाइप करायचं. दुसरा गणिताचाच, पर्यायांचा: ३० प्रश्न. तिसरा इंग्रजीचा: ४५ प्रश्न. प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्या भागाला देता येत नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, पर्यायी प्रश्नांत चुकीला वजा १. लघुउत्तरीत चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणजे तिथे रिकामी जागा ठेवणं हा शुद्ध तोटा. तरीही घाबरून कोऱ्या जागा ठेवणारी मुलं असतात. कशाला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

इंग्रजीच्या भागातला एक हिशेब बघ. समज, तू ४५ पैकी ३८ सोडवलेस, २७ बरोबर, ११ चूक. १०८ वजा ११, म्हणजे ९७. शेजारच्या मुलीनं तीसच सोडवले, २५ बरोबर, ५ चूक. १०० वजा ५, म्हणजे ९५. गुण जवळपास सारखे, पण दोघींची दुखणी अगदी वेगळी. तिला वेग वाढवायचा आहे. तुला आठ प्रश्न जास्त सोडवून हाती फक्त दोनच गुण जास्त लागले, म्हणजे ते आठ प्रश्न तू अंदाजानं ठोकलेस. चार पर्यायांत डोळे झाकून उत्तर दिलं तर चारात एक लागतं: अधिक चार, वजा तीन, नफा एक. नुकसान नाही, पण त्यात गेलेली मिनिटं एखाद्या उताऱ्याला दिली असतीस तर तिथे पक्के चार मिळाले असते. एकूण गुणांच्या आकड्यात हे काही दिसत नाही. वहीत दिसतं.

मॉक खऱ्या वेळेत दे, दुपारी मधेच जेवायला उठून नको. क्लासच्या मॉकची काठिण्यपातळी खाली-वर होते, म्हणून मधूनमधून मागच्या वर्षांचे खरे पेपर घड्याळ लावून सोडव. बारावीची परीक्षा संपली की सलग पाच पेपर दे आणि बघ, पाचांपैकी किती वेळा तू तिन्ही भागांच्या कटऑफ ओलांडतेस आणि बेरीजही वर जाते. एकदाही नाही? तर मग चान्स नावाला आहे. दोनदा-तीनदा? तर तू खरोखर शर्यतीत आहेस आणि पुढचे आठवडे सोन्याचे. तुझे टक्के मला विचारण्यापेक्षा या पाच पेपरांना विचार. आत्ता नाही, एप्रिलमध्ये.

गणिताबद्दल एक गोष्ट, जी महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना कुणी सांगत नाही. तुला अकरावीला ८१ पडले. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष: दहावी झाली, बारावी यायची आहे, मधे जरा दम खाऊ. परीक्षा कॉलेजातच, निकाल कुणी विचारत नाही. नेमकं त्याच अकरावी कॉमर्सच्या गणितात फलनं, श्रेणी, निश्चयक, क्रमचय आणि संचय, संभाव्यता, असमानता हे सगळं येऊन जातं. आयपीमॅटचे गणिताचे प्रश्न याच मुलखातले असतात. बारावीत आपण कमिशन, विमा, निर्देशांक, काल श्रेणी यांत रमतो. बोर्डासाठी ते हवंच, पण इंदूरला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे तुझं गणित कच्चं आहे असं तुला मॉकमध्ये वाटतं तेव्हा अनेकदा इतकंच झालेलं असतं, की तो धडा तू दीड वर्षापूर्वी वरवर वाचून सोडला होतास. क्लासची पाचशे पानांची मॉड्यूल्स उघडण्याआधी अकरावीचं पुस्तक दोन महिन्यांत पुन्हा कर. रद्दीत गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

हे वाचणाऱ्या अकरावीच्या मुलांनो, कॉमर्सला गणित घेऊ की नको या घोळात असाल तर घ्या. इंदूरला बारावीत गणित असण्याची सक्ती नाही, पण दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएसला, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीला, प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि गणित सोडलेल्या मुलाला आयपीमॅटचे पहिले दोन भाग फार जड जातात.

आता मामेभावाचं ‘इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम’. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नव्वदपैकी पंचेचाळीस प्रश्न इंग्रजीचे आहेत, म्हणजे अर्धा पेपर. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येणारं, लहानपणापासून त्या भाषेत गोष्टी वाचलेलं मूल तिथे पुढे असतं. पण पुढे असतं ते नेमकं कशात, हे बघायला हवं. तुझ्या वहीत इंग्रजीच्या प्रश्नांचे प्रकार पाड: उतारे, वाक्यांचा क्रम लावणे, व्याकरण, शब्दसंपत्ती. सेमी-इंग्रजीच्या मुली व्याकरणात बहुतेकदा चांगल्या असतात, कारण त्यांनी ते नियम शिकून मिळवलेलं असतं. त्या अडतात उताऱ्यात आणि शब्दांत. शब्द सहा महिन्यांत फार वाढत नाहीत, शब्दांच्या याद्या घोकून तर नाहीच. उतारा वाचण्याचा वेग मात्र वाढतो. त्यासाठी रोज एक अग्रलेख किंवा एखादा लांब लेख इंग्रजीत वाच, आणि वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत मराठीत लिही. होय, मराठीत. इंग्रजीत लिहायला बसलीस तर त्यातलीच वाक्यं उचलशील आणि समजलं की नाही ते तुझं तुलाही कळणार नाही.

आता तुझी यादी पुन्हा काढते, कारण कॉल आला तर मुलाखतीत तिचा प्रश्न येईल. समोर बसलेले प्राध्यापक तुझ्या अर्जातला एखादा धागा पकडून खोदत जातात. ऑनलाइन इंटर्नशिपमध्ये तू काय केलंस असं विचारलं आणि तू ‘सोशल मीडियाच्या पोस्ट बनवल्या’ म्हणालीस, तर तो धागा तिथेच तुटतो. तुझ्या पत्रात मला सगळ्यात भरलेली दिसली ती गोष्ट तू यादीत घातलेलीच नाहीस. बाबांचं कृषी सेवा केंद्र.

कराडच्या पट्ट्यात खत आणि औषधं उधारीवर जातात. शेतकरी आज पोती नेतो आणि पैसे देतो ऊसबिल आलं की. कायद्यानं कारखान्यानं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते. बिल लांबलं की शेतकऱ्याची उधारी लांबते, उधारी लांबली की तुझ्या बाबांचे पैसे अडकतात, पण खत कंपनीच्या वितरकाला तर त्यांना ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. मधल्या काळात ते काय करतात? बँकेचं कॅश क्रेडिट वापरतात की स्वतःचे घालतात? कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे कशावरून ठरवतात? युरियाची किंमत सरकारनं बांधलेली, मग दुकानाला खरी कमाई कशावर होते? उधारीची वही घेऊन एक रविवार बाबांशेजारी बैस आणि हे विचार. खेळतं भांडवल म्हणजे काय हे पुस्तकात वाचलेली शंभर मुलं त्या मुलाखतीला येतील. ज्यांच्या घरात त्यावरून रात्री जेवताना बोलणं होतं, अशी फार नसतील. इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू दे. सांगण्यासारखं काही आहे म्हटल्यावर ऐकणारा थांबतो, असा माझा तरी अनुभव आहे.

पैशांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, प्लॉटची. मला वाटतं चान्सपेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि तो तू बाबांवर सोडून मोकळी झालीस. पाच वर्षांची फी, वसतिगृह, मेस, लॅपटॉप, जाणं-येणं धरलं तर खर्च ३५ लाखांच्या पुढे जातो. पहिली तीन वर्षं तुलनेनं कमी, शेवटची दोन भारी, कारण तिथून पुढे तू नेहमीच्या एमबीएच्या मुलांबरोबर बसतेस आणि फीही त्यांच्या मापानं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, पण आयपीएम पाच वर्षांचा म्हणूनच मोलाचा आहे. मधेच उतरायचं तर इतर चांगली तीन वर्षांची कॉलेजं याच्या निम्म्याहून कमीत होतात.

प्लॉट विकण्याआधी बँकेत जाऊन या. आयआयएमसारख्या संस्थांसाठी सरकारी बँका तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली; निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही आहे. संस्थेकडूनही गरजेनुसार फीमध्ये मदत मिळू शकते. कर्ज तुझ्या नावावर असेल आणि फेडायची वेळ येईल तेव्हा तू तेवीस-चोवीस वर्षांची असशील. प्लॉट विकला तर तो गेला. तुझ्या घरात भावंडं आहेत का ते तू लिहिलं नाहीस. असतील तर त्यांचाही या प्लॉटवर तुझ्याइतकाच हक्क आहे, आणि हा विषय निकालानंतर काढण्यापेक्षा आधी काढलेला बरा. निकालाच्या दिवशी घरात पेढे वाटत असताना कुणीच खरं बोलत नाही.

आता सीए. तू ‘इंदूर नाहीतर सीए’ असा सामना लावलास, पण तो तसा आहे का? सीए फाउंडेशन २०२४ पासून वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. नोंदणी परीक्षेच्या चार महिने आधी लागते. त्यातला तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, म्हणजे आत्ता करतेस त्यातलं बरंच काही वाया जाणार नाही. मे महिन्यात इंदूरची परीक्षा देऊन सप्टेंबरच्या फाउंडेशनला बसता येतं, फक्त नोंदणी एप्रिलअखेर करून ठेवावी लागेल. तेव्हा इंदूरसाठी प्रयत्न करण्याची खरी किंमत किती? फॉर्मचे चारेक हजार, क्लासची फी जी तू भरूनच बसली आहेस, आणि काही महिने. एवढ्यासाठी सत्तर टक्क्यांची हमी मागायची गरज नाही. वीस टक्के चान्स असता तरी मी तुला बस म्हटलं असतं.

हां, सीए तुला मनापासून करायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण पत्रात सीए येतं ते फक्त मामेभावाच्या तोंडी. फाउंडेशननंतरच्या इंटर आणि फायनलला वर्षानुवर्षं झगडणारी मुलं मी पाहिली आहेत. तो कुणी नापास झाल्यावर वळायचा रस्ता नाही.

त्याच तयारीवर आणखी कुठे कुठे जाता येतं तेही बघ. इंदूरच्याच परीक्षेच्या गुणांवर आयआयएम रांची आणि इतर काही संस्था प्रवेश देतात. आयआयएम रोहतकची परीक्षा वेगळी आहे, आणि तिथे दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन असतं, म्हणजे तुझे ९६ टक्के कामाला येतील ते तिथे. जम्मू आणि बोधगयाच्या आयआयएमसाठी जिपमॅट ही परीक्षा आहे. दिल्ली विद्यापीठाचं शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर घेतं: भाषा, गणित आणि सामान्य चाचणी. मुलाखत नाही, फी इंदूरच्या पासंगालाही पुरत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडची मुलं या कॉलेजाचा विचारच करत नाहीत ही त्यांची मोठी चूक आहे. मुंबईत एनएमआयएमएसची एनपॅट, पुण्यात सिम्बायोसिसची सेट. दोन्ही तुझ्या आत्ताच्या तयारीत बसतात, फी मात्र खासगी. राज्यात २०२४ पासून बीबीए, बीएमएसला सीईटी सेलची वेगळी सीईटी द्यावी लागते. ती द्यायची राहिली म्हणून त्या वर्षी बरीच मुलं अडकली आणि उन्हाळा उलटल्यावर जादा सीईटी घ्यावी लागली. दुसरीकडे, मुंबईतल्या काही कॉलेजांनी आपल्या बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं आहे आणि तिथे ही सीईटी लागत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजचं पत्रक स्वतः वाच. मैत्रिणीनं सांगितलं यावर राहू नकोस.

आणि यातलं काहीच जमलं नाही, कराडातच किंवा पुण्यात बीएमसीसीसारख्या कॉलेजात बी.कॉम.ला गेलीस, तर एकविसाव्या वर्षी कॅट, म्हणजे पदवीनंतरच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, आहेच. आयआयएममध्ये जाणारी बहुसंख्य मुलं आजही त्याच दारातून जातात. इंदूरला चौथ्या वर्षी तू ज्यांच्या शेजारी बसशील, तीही बरीचशी तिथूनच आलेली असतील.

एक वर्ष गॅप घेऊ का, हे तू विचारलं नाहीस, पण मे महिन्यात विचारशील. बारावी झाल्यावर दुसऱ्यांदा बसता येतं, वयाची आणि पास होण्याच्या वर्षाची अट त्या-त्या वर्षीच्या पत्रकात बघायची. घरी बसून गॅप घ्यावी असं मला वाटत नाही. कॉलेजात प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा देता येते. कटऑफपासून दहा-पंधरा गुणांवर राहिलीस तर विचार कर, साठ-सत्तरांवर राहिलीस तर नको.

राहता राहिला प्रवर्ग, जो तू पत्रात लिहिलाच नाहीस. आयआयएम केंद्राची संस्था आहे. तिथे महाराष्ट्राचं एसईबीसी (मराठा समाजासाठीचं) आरक्षण चालत नाही. मराठा कुटुंबातली मुलं अटीत बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएसमधून अर्ज करतात, पण त्यात कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात, आईचा पगारही, आणि ते वर्षाला ८ लाखांच्या आत लागतं. शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तरीही नाही. कुणबी, माळी, धनगर, वंजारी अशा केंद्राच्या ओबीसी यादीतल्या समाजांना नॉन क्रीमी लेयरचा दाखला लागतो. तिथला उत्पन्नाचा हिशेब वेगळा असतो, पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत. म्हणून ‘आईला नोकरी आहे, आपल्याला मिळणार नाही’ असं घरच्या घरी ठरवू नका, तहसील कार्यालयात विचारा. दोन्ही दाखले केंद्राच्या नमुन्यातच हवेत. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेल्या मुलांची कागदपत्रं छाननीत अडकतात. तारखेचीही मेख आहे: अर्ज भरतेस तेव्हा फेब्रुवारी-मार्च असतो, आणि १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतं, त्यामुळे मुलाखतीच्या वेळी नव्या वर्षाचा दाखला मागू शकतात. बाबांचं आयकर विवरण, आईचा फॉर्म १६, सातबारा आणि तुझा शाळा सोडल्याचा दाखला जानेवारीतच एका पिशवीत जमवून ठेव, म्हणजे बोर्डाचे पेपर चालू असताना सेतू केंद्राच्या रांगेत तुला उभं राहावं लागणार नाही.